पुरातून आलेले नियम, दुष्काळातून आलेली बाटली

महाराष्ट्रातल्या प्लास्टिकबंदीची गोष्ट बहुधा २६ जुलै २००५ पासून सांगितली जाते. त्या दिवशी मुंबई बुडाली, नाले तुंबण्यात पातळ पिशव्यांचा वाटा होता हे सगळ्यांना दिसलं, आणि पुढच्याच वर्षी राज्याने ५० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पातळ कॅरीबॅगवर बंदी घातली. केंद्राची मर्यादा तेव्हा २० मायक्रॉनची होती, म्हणजे कागदावर महाराष्ट्र बराच पुढे होता. मराठवाड्यातल्या विद्यापीठांच्या आवारात प्लास्टिक कसं आलं हे बघायचं असेल, तर मात्र या तारखेचा फारसा उपयोग नाही. इकडे गटारं तुंबायला आधी पाऊस तर पडायला हवा. इथलं प्लास्टिक आलं ते पाण्याच्या तुटवड्याचा हात धरून.

छत्रपती संभाजीनगरचं, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादचं मराठवाडा विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ रोजी सुरू झालं. त्याचं आवार ज्या बेगमपुरा भागाला लागून आहे, तिथली पाणचक्की आजही पर्यटक बघायला येतात. मलिक अंबरने सतराव्या शतकात नहर-ए-अंबरी काढून हे शहर वसवलं, वाढवलं. डोंगरातलं पाणी जमिनीखालून शहरात खेळवायची विद्या या गावाला चारशे वर्षांपासून ठाऊक आहे. विद्यापीठ आलं त्या काळात प्यायचं पाणी म्हणजे माठ, रांजण आणि साखळीने बांधलेला पेला. उन्हाळ्यात रस्त्याकडेला पाणपोई लागे, रांजणाला ओलं पोतं गुंडाळलेलं असे. त्या पेल्याच्या स्वच्छतेबद्दल फार प्रेमाने बोलण्यात अर्थ नाही. शिवाय कोणाच्या हातचं पाणी कोण पितो, हा प्रश्न त्या रांजणापाशी दबा धरून बसलेला असायचाच. जुनं ते सगळं सोनं, असं निदान पाण्याच्या बाबतीत तरी म्हणवत नाही.

१९७२ चा दुष्काळ बाटलीशिवाय पार पडला. परभणीचं कृषी विद्यापीठ त्याच वर्षी, १८ मे १९७२ ला स्थापन झालं. नंतरच्या काळात घरोघरी आलेलं प्लास्टिक टिकाऊ होतं. तांब्या-पितळेच्या घागरी गेल्या, रंगीत प्लास्टिकच्या आल्या आणि बायांच्या डोक्यावरचं ओझं हलकं झालं. त्याला नावं ठेवायचं काही कारण नाही. फुटेपर्यंत वापरायची, फुटली की भंगारवाल्याला द्यायची, असा हिशेब होता.

एकदा वापरून फेकायची बाटली कॉलेजात शिरली ती व्यासपीठावरून. चर्चासत्राच्या पाहुण्यांसमोर, हारतुऱ्यांच्या शेजारी सीलबंद बाटली ठेवणं हा मानाचा भाग झाला; विद्यार्थी मागच्या नळावर जात. २००१ मध्ये बाटलीबंद पाण्याला भारतीय मानक ब्यूरोचं प्रमाणन सक्तीचं झालं आणि बाटलीबद्दलचा भरवसा वाढला. नळाबद्दलचा भरवसा त्याच काळात उतरत होता. बोअर खोल गेले, पाणी क्षाराचं झालं, नांदेड जिल्ह्यातल्या काही भागांत तर फ्लोराइडचं. ज्याला परवडतं त्याने बाटली घ्यायची, ज्याला परवडत नाही त्याने कूलर चालू आहे का बघायचा, अशी वाटणी आपोआप झाली.

२०१२-१३ आणि २०१५-१६ च्या दुष्काळांनी हे पक्कं केलं. लातूरला मांजरा धरण कोरडं पडलं. मार्च २०१६ मध्ये पाणी भरायच्या ठिकाणी गर्दी आणि भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन. ती रेल्वे देशभर गाजली. तिच्यासोबत गल्लोगल्ली वाढलेल्या जारच्या धंद्याची तितकी चर्चा झाली नाही. वीस लिटरचा जार स्वतः परत जातो, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण जारशेजारी ठेवलेले पातळ प्लास्टिकचे ग्लास परत जात नाहीत.

इथे पर्यावरणाच्या पुस्तकांत सहसा न येणारी एक गोष्ट सांगायला हवी. दुष्काळात फेकायचं ताट हे पाणी वाचवणारं ताट असतं. दोनशे पोरांच्या मेसची स्टीलची ताटं, वाट्या, ग्लास घासायचे तर टँकरचं पाणी लागतं आणि टँकरला पैसे लागतात. मेसवाल्याने थर्माकोलची पत्रावळ काढली तर त्याला बेजबाबदार म्हणण्याआधी त्याचं पाण्याचं बिल बघावं. पूर्वी पळसाच्या पानांच्या पत्रावळी आणि द्रोण याच कारणासाठी सोयीचे होते. ते गायीगुरांपुढे किंवा उकिरड्यावर गेले की संपले. थर्माकोल स्वस्त होता, गळत नव्हता आणि संपतही नव्हता. याच्या उलट, गावाकडून एसटीने येणारा स्टीलचा डबा. आई भरते, कंडक्टर आणतो, पोरगा स्टँडवरून घेतो आणि रिकामा डबा परतीच्या गाडीत ठेवतो. वापरा-परत करा ही पद्धत शिकवायला कुणी प्रशिक्षक आणायची गरज मराठवाड्याला कधी नव्हती.

गर्दीच्या दिवसांचं गणित वेगळं. १४ जानेवारी १९९४ ला मराठवाडा विद्यापीठाचा ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असा नामविस्तार झाला आणि तेव्हापासून दर नामविस्तार दिनी विद्यापीठाच्या गेटसमोर मराठवाड्याच्या कानाकोपऱ्यातून माणसं येतात. त्यांना अन्न-पाणी देण्यासाठी संस्था आणि कार्यकर्ते पुढे होतात. भावना पाणपोईचीच, भांडं तेवढं बदललं. अशा दिवशी नुसती बंदी सांगून भागत नाही. टाकी, नळ आणि पेले कोण आणणार हे आधी ठरवावं लागतं.

नियमांची धाव या सगळ्याला समांतर चालू होती. केंद्राने २०११ मध्ये पिशव्यांची मर्यादा ४० मायक्रॉन आणि २०१६ मध्ये ५० मायक्रॉन केली. मग आलं २०१८. त्या फेब्रुवारीत औरंगाबादच्या नारेगावच्या गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. वर्षानुवर्षं शहराची घाण सोसून ते थकले होते. शहरात रस्तोरस्ती ढीग साचले, मार्चमध्ये कचरा टाकण्यावरून मिटमिट्याला दगडफेक आणि लाठीमार झाला. त्याच महिन्यात, २३ मार्चला, राज्याची प्लास्टिक आणि थर्माकोल बंदीची अधिसूचना निघाली. पहिला दंड ५ हजार, दुसरा १० हजार, तिसऱ्यांदा २५ हजार आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. जूनअखेर कारवाई सुरू झाली आणि लगेच सवलतीही सुरू झाल्या. शेती आणि रोपवाटिकेच्या विघटनशील पिशव्या तर पहिल्यापासूनच वगळलेल्या होत्या. तरीही नाकासमोर कचरा साचलेला असताना आलेला नियम औरंगाबादकरांना जितका कळला तितका आधीचा कुठलाच कळला नसेल.

विद्यापीठांवर खरा दाब आला तो मूल्यांकनातून. उच्च शिक्षणसंस्थांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या २०१७ च्या नव्या चौकटीत हरित परिसराच्या उपक्रमांमध्ये प्लास्टिकबंदीचा समावेश झाला. २०१९ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने आवार प्लास्टिकमुक्त करण्याच्या सूचना सगळ्या संस्थांना पाठवल्या. समित्या झाल्या, शपथा झाल्या, राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांनी आवार झाडून काढलं. ‘प्लास्टिकमुक्त परिसर’ हा फलकही लागला, अनेक ठिकाणी फ्लेक्सवर छापलेला, कारण समितीला फोटो हवा होता. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. आवारं पुन्हा उघडली तेव्हा सुट्या पेल्याला हात लावायची लोकांची तयारी नव्हती आणि सीलबंद बाटलीची इज्जत पुन्हा वाढली.

१ जुलै २०२२ पासून केंद्राने एकदा वापरायच्या प्लास्टिकच्या ठरावीक वस्तू देशभर बंद केल्या. कप, ग्लास, ताटं, चमचे, स्ट्रॉ, सजावटीचा थर्माकोल, मिठाईच्या खोक्यावरचं आवरण आणि १०० मायक्रॉनखालचे पीव्हीसी फलक त्या यादीत आहेत. पिशवीची मर्यादा त्याच वर्षाअखेर १२० मायक्रॉनवर गेली. राज्याने जुलैतच प्लास्टिकचं अस्तर असलेल्या कागदी कप-ताटांनाही हात घातला, कारण टपरीवरचा ‘कागदी’ कप आतून प्लास्टिकचाच असतो.

पाण्याची बाटली मात्र त्या केंद्रीय यादीत नाही. ती गोळा करून पुनर्वापराला देण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे, आणि २०१८ च्या राज्याच्या अधिसूचनेत बाटलीवर परतीची किंमत छापायची कल्पनाही होती. ती दुकानादुकानांत काही रुजली नाही. त्यामुळे आवारातली बाटली कमी करायचा प्रश्न शेवटी विद्यापीठाच्या पाणीपुरवठ्याच्या खर्चात येऊन थांबतो. वसतिगृहाच्या कूलरची गाळणी कधी बदलली, टाकी कधी धुतली, एप्रिल-मेमध्ये टँकर किती लागतील आणि त्यातलं पाणी भांडी घासायला उरेल का, ही कामं स्वच्छता समितीच्या अखत्यारीत नसतात. ती बांधकाम विभागाकडे असतात, आणि प्लास्टिकमुक्तीच्या बैठकीला त्या विभागाला बोलावणं जातंच असं नाही.