प्रोपेलर, शिडाच्या सफरी नौकेचा

वारा पडल्यावर किंवा बंदरात शिरताना शिडाच्या नौकेला पुढे ढकलणारा, इंजिनाच्या दांड्यावर बसवलेला पात्यांचा पंखा. मोटारबोटीत तो सतत राबतो. सफरी नौकेत मात्र बहुतेक वेळ नुसताच पाण्याला अडत राहतो, आणि त्याच्या निवडीतील सारी अडचण येथूनच सुरू होते.

प्रोपेलरच्या जनकत्वाबद्दल एकमत नाही. आर्किमिडीजचा स्क्रू पाणी उपसण्यासाठी होता, त्यामुळे त्याच्याशी थेट नाते जोडणे धाडसाचे ठरते. ऑस्ट्रियाच्या योझेफ रेसेलला 1827 मध्ये पेटंट मिळाले व सुमारे 1829 मध्ये त्रिएस्त येथे त्याच्या ‘चिवेता’ बोटीची चाचणी झाली. पण वाफेची नळी फुटल्याने पोलिसांनी पुढील चाचण्या थांबवल्या. फ्रान्समध्ये सोव्हाज (1832), तर इंग्लंडमध्ये फ्रान्सिस पेटिट स्मिथ व जॉन एरिक्सन (दोघेही 1836) यांचे दावे आहेत. कल्पनेचा अग्रमान रेसेलकडे आणि ती व्यवहारात रुजवण्याचे श्रेय स्मिथकडे देणे अधिक सयुक्तिक दिसते. स्मिथच्या बोटीचा दोन वेढ्यांचा लाकडी स्क्रू कालव्यात आपटून निम्मा तुटला, तेव्हा बोटीचा वेग उलट वाढला. आखूड पात्यांचे महत्त्व असे अपघाताने कळले. 1845 मध्ये प्रोपेलरच्या ‘रॅटलर’ जहाजाने बाजूच्या चाकांनी चालणाऱ्या ‘अलेक्टो’ जहाजाला उलटे ओढून नेले, हा प्रसंग निर्णायक मानतात; परंतु ‘रॅटलर’चे इंजिन अधिक शक्तिशाली असल्याने त्याला पुरावा म्हणण्यापेक्षा प्रात्यक्षिक म्हणणे बरे.

निवडीत आधी व्यास व पिच ठरवावे, पात्यांचा प्रकार नंतर. पिच म्हणजे पाणी घट्ट असते तर एका फेऱ्यात पंखा जितका पुढे सरकला असता तितके अंतर. पाण्याच्या रेषेवर 30 फूट लांबीच्या नौकेची वेगमर्यादा साधारण 7.3 नॉट (ताशी सागरी मैल) धरतात. दांडा मिनिटाला 1500 फेरे घेत असेल व पिच 11 इंच असेल, तर हिशेबी वेग 13.6 नॉट येतो. म्हणजे जवळजवळ निम्मी घसर (हिशेबी व प्रत्यक्ष वेगातील तूट) धरावी लागते, आणि जड नौकेत ती तितकी असतेच. पूर्ण दाबावर इंजिन ठरलेले फेरे गाठत नसेल व काळा धूर सोडत असेल, तर पिच किंवा व्यास जास्त झाला आहे असे समजावे.

दोन स्थिर पात्यांचा पंखा नौकेच्या तळाच्या कण्याच्या आडोशाला उभा लपतो, तर तीन पात्यांचा जोर चांगला असला तरी शिडावर जाताना पाण्याला खूप अडतो. मिटणाऱ्या पात्यांचा पंखा सर्वांत कमी अडतो, पण जुन्या धाटणीचा मागे जाताना कच खातो. पाती प्रवाहाशी समांतर वळवणारा पंखा महाग असला, तरी लांबच्या सफरीला तोच अधिक भरवशाचा वाटतो.

शिडावर जाताना स्थिर पंखा अडकवावा की मोकळा सोडावा, हा वाद जुना आहे. नागपूरच्या उन्हाळ्यात बंद कूलरचा पंखा वाळ्याच्या ताट्यांतून शिरणाऱ्या झळांनी आपसूक फिरतो, तसाच नौकेमागचा मोकळा प्रोपेलर फिरतो. स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठातील चाचण्यांत (2008 मध्ये प्रसिद्ध) अडकवलेल्या पंख्याचा अडथळा मोकळ्यापेक्षा जास्त भरला. तथापि मोकळा पंखा दांडा फिरवत असला, तरी इंजिन बंद असताना काही गिअरबॉक्सना वंगण पोहोचत नाही; तेथे उत्पादकाची सूचनाच पाळावी.

पंखे बहुधा मँगनीज ब्राँझचे किंवा अधिक टिकाऊ अशा निकेल-ॲल्युमिनियम ब्राँझचे असतात. मँगनीज ब्राँझचे पाते खरवडल्यावर पिवळ्या झळाळीऐवजी गुलाबी छटा दिसली, तर त्यातील जस्त निघून जाऊन धातू ठिसूळ झालेला असतो.