मंगलाष्टके म्हणजे वेदमंत्र नव्हेत

नागपुरात लग्न ठरले की, आजीने किंवा मावशीने रचलेली मंगलाष्टके म्हणू द्यावीत की नाही यावर अनेक घरांत वाद होतो, कारण मंगलाष्टके हे वेदमंत्र असून त्यांत फेरफार केल्यास लग्न अपुरे राहते, हा समज वर्षानुवर्षे पसरलेला आहे. तो खरा नाही. मंगलाष्टके हे शार्दूलविक्रीडित वृत्तातले श्लोक आहेत. सर्वत्र म्हटल्या जाणाऱ्या श्लोकात तर लेण्याद्री, ओझर, रांजणगाव ही अष्टविनायकांची स्थाने येतात; ती वेदांत कोठून असणार? महात्मा फुले यांनी सत्यशोधक विवाहासाठी मराठीतच मंगलाष्टके रचली, ज्यांत वधू आणि वर एकमेकांशी बोलतात.

हिंदू विवाह अधिनियम, 1955 च्या कलम 7 नुसार दोहोंपैकी कोणत्याही एका पक्षाचे रूढ विधी पुरेसे असून, त्यांत सप्तपदी असल्यास सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण होतो. मंगलाष्टकांचा तेथे उल्लेखही नाही.

म्हणून वधूचे आजोळ काटोलचे असेल तर काटोल श्लोकात खुशाल गुंफावे. मात्र प्रत्येक चरणात 19 अक्षरे आणि बाराव्या अक्षरानंतरची यती, म्हणजे म्हणतानाचा थांबा, सांभाळावी, नाहीतर चाल अडखळते, आणि आधीच गुरुजींना दाखवून क्रम ठरवावा, म्हणजे मुहूर्त टळत नाही.