आलाप

आलाप : रागाचे स्वर संथ गतीने, शब्दार्थाचा आधार न घेता उलगडत नेण्याची हिंदुस्थानी संगीतातील पद्धत. ध्रुपद या जुन्या गानप्रकारात आलाप पखवाजाच्या साथीशिवाय, ‘नोम्‌, तोम्‌, री, र, न, ना’ अशा अक्षरांवर होतो आणि तासभरही चालतो. ख्याल या आज रूढ असलेल्या गानप्रकारात तो बहुधा ‘आ’काराने, विलंबित (संथ) ठेक्याच्या अंगाने होतो. सतार, सरोद, बीन (रुद्रवीणा) या वाद्यांवर आलाप, लय धरलेला जोड आणि जलद झाला अशी त्याची चढती भाजणी असते.

शब्द नसताना भाव पोचतो कसा, याचे उत्तर रागाच्या स्वरयादीत मिळत नाही. मारवा, पूरिया आणि सोहनी या तिन्ही रागांचे स्वर तेच : सा, कोमल रे, शुद्ध ग, तीव्र म, शुद्ध ध आणि नि. पंचम (प) तिघांतही वर्ज्य. फरक पडतो तो मुक्काम कुठे करायचा आणि काय लांबणीवर टाकायचे यामुळे. मारव्यात गायक कोमल ऋषभावर (रे) आणि धैवतावर (ध) थांबतो, षड्ज (सा) मात्र मुद्दाम टाळतो. तानपुऱ्यात सा अखंड वाजत असतो, कानाला त्यावर उतरायची ओढ लागलेली असते, आणि गळा त्याच्या अगदी शेजारच्या कोमल रे वर रेंगाळतो. या घर्षणातून मारव्याची हुरहुर येते. बऱ्याच वेळाने ‘रे नि ध सा’ असे मंद्रातून (खालच्या सप्तकातून) फिरून सा लागला, की सभागृहात श्वास सुटल्याचे जाणवते. पूरियात वजन गंधार-निषादावर (ग-नि) आणि ओढा मंद्र सप्तकाकडे, म्हणून तो गंभीर. सोहनी तार (वरच्या सप्तकातल्या) षड्जाभोवती घोटाळते; तिच्यात अधीरता आहे. भूप आणि देशकार यांचेही पाच स्वर सारखेच, पण भूप गंधारावर विसावतो, तर देशकार धैवतावर.

अमुक राग म्हणजे अमुक रस, असे तक्ते जुन्या ग्रंथांत आणि शालेय पुस्तकांत पुष्कळ आहेत. गाताना त्यांचा उपयोग थोडा. बालक्विल आणि टॉम्सन या संशोधकांनी 1999 मध्ये हिंदुस्थानी संगीताशी परिचय नसलेल्या पाश्चात्त्य श्रोत्यांना राग ऐकवले, तेव्हा आनंद, दुःख आणि क्रोध त्यांना बऱ्यापैकी ओळखता आले, शांत भाव मात्र नीटसा ओळखता आला नाही. लय आणि स्वररचनेची गुंतागुंत यांवरून ढोबळ भाव परक्या कानालाही कळतात, असा याचा अर्थ लावता येतो. मारव्यातला षड्ज लांबवणे मात्र सवयीच्या कानालाच पुरते कळते.

आलापाची शिस्त शार्ङ्गदेवाने 13व्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ या ग्रंथात सांगितली. तो देवगिरीच्या, म्हणजे आजच्या दौलताबादच्या, यादव दरबारात होता. रागालापासाठी त्याने चार स्वस्थाने, म्हणजे विस्ताराचे टप्पे, मानली. स्थायी (आधार) स्वरापासून चौथा तो द्व्यर्ध, आठवा तो द्विगुण, आणि मधले ते अर्धस्थित. पहिल्या स्वस्थानात द्व्यर्धाच्या खालीच फिरायचे, मग टप्प्याटप्प्याने द्विगुणापर्यंत जायचे. आजची ‘बढत’, म्हणजे रागाचा क्रमाक्रमाने विस्तार, याच धोरणाने चालते.

प्रत्यक्ष बैठकीत सुरुवात तानपुरा जुळवण्यापासून होते. पहिली तार सहसा मंद्र पंचमात लावतात. मालकंसासाठी मध्यमात, मारवा-पूरियासाठी निषादात. घोडीवर दोरा सरकवून जवारी (तारेचा गुंजणारा नाद) खुलवली नाही तर तार बोथट बोलते आणि स्वर कशाला टेकवायचा तेच कळत नाही. पट्टी, म्हणजे गायकाच्या षड्जाची उंची, निवडताना मंद्र पंचमापर्यंत गळा सहज उतरेल हे पाहावे लागते. पेटीच्या काळ्या पट्ट्यांच्या क्रमाने सांगायचे तर स्त्रिया बहुधा काळी चार ते काळी पाचमध्ये गातात, पुरुष काळी एकच्या आसपास. वरचे स्वर सहज लागावेत म्हणून पट्टी उतरवली की खर्ज (खालचे स्वर) हरवतो आणि आलापाचा पायाच जातो.

रागाची ओळख करून देणारा छोटा ‘औचार’ झाला की बंदिशीची (बांधलेल्या रचनेची) स्थायी, म्हणजे पहिला भाग, भरतात. विलंबित एकतालात 12 मात्रा असतात. मात्रेला सुमारे चार सेकंद धरले तर आवर्तन 48 सेकंदांचे होते. या अवकाशात एखादा स्वर केंद्रस्थानी ठेवून दोन-तीन वाक्ये म्हणायची आणि मुखड्यापुरती (बंदिशीच्या सुरुवातीच्या तुकड्यापुरती) जागा राखून समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, यायचे. अशी काही आवर्तने षड्जाभोवती, काही मंद्रात, मग क्रमाने वर. तार षड्ज लागला की अंतरा, म्हणजे बंदिशीचा दुसरा भाग. श्वास न्यासस्वरावर (ज्यावर वाक्य थांबते त्या स्वरावर) घ्यायचा, वाक्याच्या मध्ये नाही. न्यासानंतरची तीन-चार सेकंदांची शांतता हाही आलापच आहे.

बिघडते ते बहुधा घाईने. तार षड्जाला दहाव्या मिनिटालाच हात घातला तर पुढे सांगण्यासारखे उरत नाही. तेच वाक्य पुन्हा-पुन्हा आले, तर विस्तार होत नाही, नुसता वेळ जातो. मुखड्याची जागा चुकली, तर शेवटच्या दोन मात्रांत शब्द कोंबावे लागतात आणि जमवलेला भाव तिथेच विस्कटतो. दरबारी कानड्याचा कोमल गंधार संथ आंदोलनाविना सरळ लावला, तर राग निस्तेज होतो. चाल जलद करून उत्तरांगाकडे (सप्तकाच्या वरच्या अर्ध्याकडे) झुकवली, तर अडाणा हा राग डोकावतो. आकार नाकात गेला किंवा तोंड पुरेसे उघडले नाही, तर स्वर बरोबर असूनही कोरडा वाटतो. संवादिनीवर (हार्मोनियमवर) मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे, निघत नाही. म्हणून साथीदाराने गायकाच्या किंचित मागे राहून न्यासस्वर भरावा. पुढे जाऊन वाक्य पुरे करणारा साथीदार चांगल्या आलापाचा जीव घेतो.

घराण्यांनी आलापाला वेगवेगळे वळण दिले. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ (1872–1937) एकेका स्वराची आस लांबवत. त्यांचा मुक्काम मिरजेत होता, आणि तानपुऱ्यांचे गाव म्हणून मिरजेची ख्याती आजही आहे. आग्र्याचे फैयाज खाँ ख्यालापूर्वी ध्रुपद अंगाचा नोम्‌तोम्‌ करीत. जयपूर-अत्रौलीत आलाप लयीला बांधलेला आणि तुलनेने आटोपशीर. त्याच परंपरेतल्या किशोरी आमोणकरांनी मात्र संथ, भावकेंद्री आलापाला मोठी जागा दिली.

बोलआलापात बंदिशीचे शब्द येतात, पण अक्षरे ताणून, तोडून. अर्थ मागे पडतो, ‘पिया’मधला ‘आ’ तेवढा कामी येतो. मिनिटाला 78 फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूला साडेतीन मिनिटांच्या आसपास जागा असे, त्यामुळे त्या काळच्या मुद्रणांत आलाप दोन-चार वाक्यांवर आला. त्या तबकड्यांवरून कोणत्याही गायकाची बढत जोखू नये.