सेटवर लूप फिरवणं

सेट म्हणजे जावास्क्रिप्टमधलं असं कलेक्शन ज्यात एक व्हॅल्यू एकदाच राहते, तीच परत टाकली तर एरर वगैरे काही येत नाही, गुपचूप सोडून दिली जाते. हा प्रकार जावास्क्रिप्टच्या २०१५च्या ईएस६ या आवृत्तीत आला, त्याआधी लोक इंडेक्सऑफ लावून (म्हणजे व्हॅल्यू यादीत आधीच आहे का बघून) किंवा ऑब्जेक्टच्या की वापरून डुप्लिकेट काढत बसायचे.

आपल्या नागपूर मेट्रोचंच घ्या. ऑरेंज लाइन ऑटोमोटिव्ह चौक ते खापरी, अ‍ॅक्वा लाइन लोकमान्य नगर ते प्रजापती नगर, आणि दोन्ही भेटतात सीताबर्डीला. दोन्ही याद्या जोडून ड्रॉपडाउन केला तर सीताबर्डी दोनदा येणार, सेटमधून नेला तर एकदाच. ऑरेंज आधी टाकली असेल तर ते झिरो माइल आणि काँग्रेस नगरच्या मधेच राहतं, कारण सेट टाकलेला क्रम पाळतो आणि पुन्हा अ‍ॅड केल्याने जागा हलत नाही, डिलीट करून टाकलं तर मात्र थेट शेवटी. म्हणजे अ‍ॅक्वाच्या भागात झाशी राणी चौकानंतर सरळ कॉटन मार्केट! ड्रॉपडाउनला चालतं, रूट दाखवायला अजिबात नाही.

सेटमधल्या एकेक व्हॅल्यूवर लूप फिरवायला फॉर-ऑफ बेस्ट, ब्रेक मारून मधेच थांबताही येतं. फॉर-इन लावलं तर लूप एकदाही फिरत नाही आणि एररही नाही, नवीन पोरं इथंच डोकं धरून बसतात. फॉरईच (प्रत्येक व्हॅल्यूसाठी आपलं फंक्शन चालवणारी मेथड) मध्ये त्या फंक्शनला मिळणारा दुसरा आर्ग्युमेंट अ‍ॅरेसारखा इंडेक्स, म्हणजे क्रमांक, नसतो बरं का, तीच व्हॅल्यू परत येते, त्यामुळे नंबर टाकायला गेलात तर यादीत ‘खापरी खापरी’ छापून येतं. अ‍ॅरेच्या मॅप, फिल्टर या मेथड पाहिजे असतील तर सेट स्प्रेड करून (तीन टिंबं लावून) अ‍ॅरे बनवायचा. लूप चालू असताना टाकलेली नवी व्हॅल्यूही त्याच फेरीत येते, म्हणून आतल्या आत डिलीट करून तीच परत अ‍ॅड केली तर लूप फिरतच राह्यला समजा.

मराठी डेटात एक वेगळीच भानगड असते. ‘वऱ्हाडी’मधला ऱ एका कोडचाही असतो आणि र अधिक नुक्ता असा दोन कोडचाही, स्क्रीनवर सारखाच, पण सेटला ते दोन वेगळे शब्द, आणि लूपमध्ये वऱ्हाडी दोनदा. टाकण्याआधी नॉर्मलाइझ करा म्हणजे दोन्ही एकसारखे होतात, लगे हाथ ट्रिमही, म्हणजे मागचीपुढची मोकळी जागा काढा. ऑब्जेक्टचं तर विचारूच नका, आतलं सगळं सेम असलं तरी रेफरन्स (कोणता ऑब्जेक्ट ते दाखवणारा पत्ता) वेगळा म्हणजे एंट्री वेगळी, तिथे आयडीला की करून मॅप (अ‍ॅरेची मेथड नव्हे, की-व्हॅल्यूच्या जोड्या ठेवणारं कलेक्शन) लावलेला बरा.