अंतर तेच, वेळ वेगळी

न्यूयॉर्कहून लंडनला विमान साधारण सात तासांत पोहोचतं. तिथून परतायला मात्र आठेक तास लागतात. अंतर दोन्ही वेळा तेच, सुमारे ५,५५० किलोमीटर. मग हा जास्तीचा तास कुठून येतो?

आधी अंतराचं पाहू. न्यूयॉर्क आणि माद्रिद जवळपास एकाच अक्षवृत्तावर आहेत. त्या अक्षवृत्ताला धरून सरळ पूर्वेला गेलं तर साधारण ५,९३० किलोमीटर होतात. उत्तरेकडे झुकून गेलं तर ५,७६०. पृथ्वी गोल असल्याने दोन ठिकाणांमधला सर्वात जवळचा रस्ता बृहद्वृत्तावरून जातो, म्हणजे पृथ्वीचे बरोबर दोन समान भाग करणाऱ्या वर्तुळावरून. सपाट नकाशावर तो उगाच वळसा घेतल्यासारखा दिसतो. अक्षांश-रेखांश हाती असले की हे अंतर कुणालाही काढता येतं, आणि ते बदलत नाही.

वेळेचं तसं नाही. पृथ्वी फिरते म्हणून हा फरक पडतो, असं अनेकांना वाटतं. पण पृथ्वीबरोबर वातावरणही फिरतं, आणि विमान त्या वातावरणातच असतं. खरं कारण वारा. साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचे पट्टे वाहतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले होते. त्यांनी आपला अहवाल एस्परांतो या मुद्दाम घडवलेल्या, फार थोड्यांना येणाऱ्या भाषेत छापला आणि जपानबाहेर तो फारसा कुणी वाचलाच नाही, याची आजही हळहळ वाटते.

विमान हवेत तासाला ९०० किलोमीटर वेगाने जातं, पण ती हवाच पुढे सरकत असेल तर जमिनीच्या हिशेबात तिचाही वेग मिळतो. ९ फेब्रुवारी २०२० रोजी वादळी वाऱ्याच्या पाठबळावर एक प्रवासी विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत उतरलं. जमिनीच्या तुलनेत त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. तरी त्याने ध्वनीचा वेग ओलांडला नव्हता, कारण आजूबाजूच्या हवेच्या तुलनेत ते नेहमीच्याच वेगाने चाललं होतं.

जाताना वाऱ्याने वाचवलेला वेळ येताना तो वसूल करतो, म्हणजे हिशेब फिटला, असं वाटेल. तो फिटत नाही, आणि मला या विषयातली सर्वात सुंदर गोष्ट हीच वाटते. ५,४०० किलोमीटरचा प्रवास घ्या. वारा नसेल तर ताशी ९०० ने जायला सहा तास, यायला सहा तास. ताशी १०० किलोमीटरचा वारा असेल तर जाताना ५ तास २४ मिनिटं, येताना ६ तास ४५ मिनिटं. बेरीज १२ तास ९ मिनिटं. विरुद्ध वाऱ्यात विमान जास्त काळ अडकून राहतं, म्हणून तोटा नेहमी फायद्याहून मोठा.

त्यामुळे सर्वात जवळची वाट सर्वात लवकर पोहोचवेलच असं नाही. उत्तर अटलांटिकवर तर वाऱ्याचा अंदाज पाहून विमानांच्या वाटा दिवसातून दोनदा नव्याने आखतात. पूर्वेकडे जाणाऱ्यांना जेट प्रवाहात बसवायचं, पश्चिमेकडे जाणाऱ्यांना त्याच्यापासून दूर ठेवायचं. वेळापत्रकातल्या वेळेत उड्डाणाआधी आणि उतरल्यावर विमान धावपट्टीपर्यंत नि तिथून परत जमिनीवर चालतं ती मिनिटंही धरलेली असतात.

कधी आकाशच बंद होतं. २०२२ मध्ये रशियाचं हवाई क्षेत्र अनेक देशांच्या विमानांना बंद झालं, आणि फिनलंडमधल्या हेलसिंकीहून टोकियोला जाणारा, साडेनऊ तासांच्या आसपासचा प्रवास वळसा घ्यावा लागल्याने सुमारे तेरा तासांवर गेला.