न्यूग्रेंजची पांढरी भिंत: पार्श्वभूमी

आयर्लंडमधल्या बॉइन नदीजवळचे न्यूग्रेंज हे टेकाडाच्या पोटातले प्राचीन थडगे फोटोत पटकन ओळखू येते, ते दर्शनी पांढऱ्या भिंतीमुळे. थडगे इसवी सनपूर्व ३२०० च्या सुमाराचे. ही भिंत मात्र गेल्या शतकातल्या उत्खननानंतर उभारलेली.

आधी एक खुलासा. न्यूग्रेंजला 'महापाषाण', म्हणजे मोठमोठ्या शिळांची वास्तू, म्हणतात. हा शब्द ऐकला की आपल्याला नागपूरजवळच्या जुनापाणीची शिळावर्तुळे आठवतात. ती लोहयुगातली. न्यूग्रेंज बांधणाऱ्यांकडे धातूच नव्हता. शब्द एकच, पण मध्ये दोन हजारांहून अधिक वर्षे.

१६९९ मध्ये दगड काढून नेताना आतल्या वाटेचे तोंड सापडले, १८८२ च्या कायद्याने संरक्षण मिळाले. पद्धतशीर उत्खनन झाले ते १९६२ ते १९७५ या काळात. टेकाडाभोवती ९७ शिळांचे कडे आहे. प्रवेशाच्या बाजूला या कड्याबाहेर, घसरून आलेल्या दगडमातीखाली, पांढऱ्या गारगोटीचा थर लागला. त्यात मधूनमधून ग्रॅनाइटचे गोल गोटे. गारगोटी दक्षिणेच्या विक्लो डोंगरांतून आणलेली, गोटे उत्तरेकडचे. हा ढासळलेल्या भिंतीचा ढीग आहे, असा निष्कर्ष निघाला आणि कड्यावर सुमारे तीन मीटर उंच, जवळजवळ उभी भिंत रचली गेली. तिच्या पाठीशी सळया घातलेले काँक्रीट आहे.

आक्षेप नेमका इथेच आहे. सैल दगडमातीचा भराव बाहेर रेटतो, पावसाने भिजला की जास्तच. नुसत्या रचलेल्या गारगोट्या तो रेटा इतक्या उभ्या चढावर पेलणार नाहीत. जवळच्याच नाउथ या दुसऱ्या थडग्यापाशी अशीच गारगोटी प्रवेशापुढे जमिनीवर अंथरल्यासारखी ठेवली आहे. शिवाय स्मारकांच्या जतनाची तत्त्वे ठरवणाऱ्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेने उत्खननस्थळी पुनर्रचना नाकारली आणि फक्त विखुरलेल्या मूळ भागांच्या पुनर्जोडणीला मुभा दिली. न्यूग्रेंजचे दगड अस्सल आहेत, त्यांची जागा अनुमानाची. मग याला पुनर्जोडणी म्हणायचे कसे? प्रवेशाच्या दोन्ही बाजूंच्या काळ्या दगडांच्या वक्र भिंतींबाबत तर प्रश्नच उरत नाही: प्रवेशापुढच्या वेटोळी कोरलेल्या शिळेवरून चढून जावे लागू नये म्हणून केलेली ती निव्वळ आधुनिक सोय आहे.

आतले काम वेगळे, आणि ते गरजेचे होते. भाराने आत कललेल्या शिळा सरळ केल्या, वाटेवरचा भार काँक्रीटने तोलला. मूळ कारागिरी तिथे जवळून पाहावी: वाटेच्या छताच्या शिळांवर पाणी वाहून जावे म्हणून वरच्या अंगाला पन्हळी कोरल्या आहेत, फटी भाजलेली माती आणि समुद्राच्या वाळूने बुजवल्या आहेत. वाटेच्या शेवटचे सुमारे सहा मीटर उंच दालन आजही कोरडे आहे. प्रवेशावरच्या झरोक्यातून हिवाळी अयनदिनाचे, म्हणजे वर्षातल्या सर्वांत लहान दिवसाचे, ऊन आत येते, हे १९६७ मध्ये प्रत्यक्ष पाहिले गेले.

१९९३ मध्ये हा परिसर जागतिक वारसा यादीत आला, तो पांढऱ्या भिंतीसकट. ती काढायची तर काँक्रीट फोडावे लागेल, आणि त्याने अडवून धरलेला भराव पुढे येईल.