मीटर 12.6 दाखवतो, तरी सेल्फ फिरत नाही

सकाळी चावी फिरवावी आणि जुन्या गाडीने नुसतं ‘कट्’ म्हणावं. शेजारचे काका गॅलरीतूनच निदान करतात, “बॅटरी गेली!” बरेचदा ते खरंही असतं. पण त्याच भरवशावर मी एकदा धडधाकट बॅटरी बदलून बसलोय.

बॅटरीत सहा घरं असतात. शिसं आणि सल्फ्युरिक आम्लाच्या क्रियेतून प्रत्येक घर सुमारे 2.1 व्होल्ट देतं, म्हणून भरलेली बॅटरी 12.6 दाखवते. पण आखाड्याबाहेर बसलेल्या पैलवानाकडे बघून त्याची ताकद कळत नाही. सेल्फ मारताना इंजिन फिरवणारी मोटर लहान गाडीतही शंभर-दीडशे अँपिअर ओढते. बॅटरी म्हातारी असेल तर प्लेटांवर लेड सल्फेटचे टणक स्फटिक बसलेले असतात, क्रियेला जागाच उरत नाही आणि तिचं व्होल्टेज धाडकन कोसळतं. सेल्फ मारताना व्होल्टेज 9.6 च्या खाली गेलं, तर काका जिंकले. फक्त त्याआधी बॅटरी पूर्ण चार्ज केलेली हवी.

नाही गेलं, तर टर्मिनलवर, म्हणजे वायर जोडलेल्या खुंटीवर, जमलेला तो पांढरा-हिरवा बुरशीसारखा थर बघा. तिथला अडथळा समजा 0.02 ओहम. घरातल्या दिव्याला तो जाणवणारही नाही. पण त्यातून 150 अँपिअर जायला लागले, की 3 व्होल्ट तिथेच खर्ची पडतात! म्हणजे 450 वॉट, जवळजवळ एका मिक्सरची वीज, इवल्याशा सांध्यात नुसती उष्णता होऊन जाते. सेल्फ मारल्यावर टर्मिनल गरम लागतं ते यामुळेच.

पकडायची युक्ती सोपी आहे. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर, दुसरी त्याच खुंटीवरच्या क्लॅम्पवर धरायची आणि कुणाला तरी चावी फिरवायला सांगायचं. आकडा शून्याजवळ राहायला हवा. अर्धा व्होल्ट दिसला तरी चोर सापडला. इंजिन आणि बॉडी जोडणारी अर्थिंगची पट्टीही अशीच तपासावी; जुन्या गाडीत ती गंजते आणि तिच्याकडे कुणी बघत नाही.

गाडी सुरू झाल्यावर बॅटरीवर साधारण 14 व्होल्ट दिसले नाहीत, तर अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनित्र, किंवा त्याचा पट्टा बघायचा.

साफसफाईला गरम पाणी आणि खाण्याचा सोडा पुरतो. मात्र काळी वायर आधी सोडवा. लाल आधी सोडवताना पाना बॉडीला टेकला, तर ठिणगी उडते, आणि चार्जिंगमध्ये तयार झालेला हायड्रोजन तिथेच आसपास रेंगाळत असू शकतो.